तिसरी फासळी

१

"काय मंडळी, रात्र बरी गेली ना?"

फिलोमीन मावशीने काठी जमिनीवर टेकली आणि उताराकडे तोंड करून विचारलं. उतारावर निवडुंग उभे होते, एकेक तीन-तीन पुरुष उंच. कुणाचे दोन्ही हात वर, कुणाचा एकच, आणि थंडीत गोठून एखाद्याचा हात खाली लोंबलेला. मंडळींची विचारपूस झाल्याशिवाय मावशी एक बोंड काढू द्यायची नाही. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून तिला नुसत्या उभ्या आकृत्या दिसायच्या, तरी ती सगळ्यांना ओळखायची. मोठ्यांना बाई, बिनहाताच्या लहानांना पोरी. निघताना एकच वाक्य ठरलेलं, "येते हं. सांभाळून उभ्या राहा."

जूनचा शेवटचा आठवडा होता. लाल बोंडं माथ्यावर फुटायला लागली होती आणि पाऊस अजून तीन आठवडे लांब होता. वाळवंटातल्या सेल्स गावाहून तासाभराच्या रस्त्यावर, दर उन्हाळ्यात बोंडं काढायला उतरायचा त्यांच्या घराण्याचा तळ होता: मेस्कीटच्या काटेरी झाडांच्या खांबांवर टाकलेला मांडव, पाण्याचं पिंप, तीन दगडांची चूल आणि गोधडीत गुंडाळलेलं रस शिजवायचं मडकं. मावशीच्या भाचीची, वर्लीनची, आई गेल्याला आठ महिने झाले होते. आता तळ जाणणारी एकटी मावशीच उरली होती, आणि तिने कालच सांगून टाकलं होतं, "उद्या संध्याकाळी ज्याच्या छातीवर मी बोंडाचा गर लावेन, तळ त्याचा. माझे डोळे पुरते गेल्यावर मला इथे कुणी आणून बसवायला नको."

म्हणजे एकतर वर्लीन, नाहीतर तिचा मामेभाऊ लेलंड. लेलंड चुलीपाशी लाकडं फोडत होता. स्वभावाने चांगला, पण जिभेला हाड नाही.

"एवढी मेहनत कशाला केलीस गं?" तो वर्लीनच्या हातातल्या लांबलचक आकडीकडे बघून म्हणाला. "स्विमिंग पूल साफ करायचा दांडा मिळतो ना, अल्युमिनियमचा. हलका असतो, जन्मभर टिकतो."

"मग त्या दांड्यालाच मावशी म्हण," मावशी म्हणाली.

तिने आकडी हातात घेतली आणि तिच्यावरून बोटं फिरवली. वाळलेल्या निवडुंगाच्या आतल्या दोन लांब लाकडी फासळ्या टोकाला टोक लावून बांधलेल्या आणि वर एक आडवी काटकी. पूर्वीची आकडी आईची होती, ती हिवाळ्यात तडकली होती. बोटं बांधाजवळ येऊन थांबली.

"फासळ्या कुठल्या गं?"

"पवनचक्कीजवळच्या."

"आडवी झालेली होती ना?"

"हो मावशी. आडवीच होती."

मावशीने मान हलवली आणि आकडी परत दिली. वर्लीनने ती पिकअपच्या मागे टाकली. हे बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. दवाखान्याच्या खिडकीत बसून रोज पन्नास जणांना "डॉक्टर एवढ्यात येतील" सांगण्याची सवय, दुसरं काय.

आता खरं काय ते सांगायला हवं. त्यांच्या घरात उभ्याची फासळी कुणी काढत नाही. निवडुंग मेला, वाळला, साल गळून नुसता सांगाडा राहिला, तरी उभा आहे तोवर तो कुणीतरी आहे. आपणहून आडवा झाला की मग घ्या. हे सांगायलाही लागत नाही, पोरंसुद्धा जाणतात. फेब्रुवारीत वर्लीनने तीन रविवार आडवा निवडुंग शोधला. मिळाले ते वाळवीने खाल्लेले. चौथ्या रविवारी पवनचक्कीजवळ एक सांगाडा दिसला, कोरडा खडखडीत आणि उभा. तिने इकडेतिकडे पाहिलं, निळी नायलॉनची दोरी बांधली आणि ओढली. तीन फासळ्या निघाल्या. निघताना आतून लांब उसासा टाकल्यासारखा आवाज आला. दोरीची गाठ काही सुटेना, तेव्हा तिने दोरी तोडली, गाठ तशीच सोडली आणि घर गाठलं.

दोन फासळ्यांची आकडी झाली. तिसरी सरळ आणि देखणी होती. ती घासून, तेल लावून तिने मावशीसाठी काठी केली. मावशीला ती फार आवडली होती.

२

पहिला मुक्काम काळ्या खडकाचा. गाडी लावायची, दहा मिनिटं चढायचं, बादली भरायची, उतरायचं. दिवसभर असंच. मावशी एका हाताने वर्लीनचं कोपर धरून चालायची, दुसऱ्या हातात काठी.

आकडी झकास चालली. वर आडव्या काटकीने हिसका दिला की बोंड टपकन खाली. मावशी बोंडाच्याच वाळक्या फुलाच्या टोकाने ते चिरायची, लाल गर बादलीत काढायची आणि रिकामी साल, पाऊस यावा म्हणून, लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवायची. तिथल्या सात जणींची तिने नावानिशी चौकशी केली. मग मान वाकडी करून म्हणाली, "आणि ती मागे कोण गं?"

"कुठे?"

"खडकाच्या डावीकडे. गेल्या वर्षी नव्हती."

वर्लीनने पाहिलं. खडकापलीकडे, शंभरेक पावलांवर, एक वाळका सांगाडा उभा होता.

"मेलेला निवडुंग आहे मावशी. असेल आधीपासून."

"उभी आहे ना?"

"हो."

"मग मेलेली कशी? बरी आहेस ना गं बाई?" मावशीने हाक घातली आणि पुढचं बोंड चिरायला घेतलं.

वर्लीन तिकडे बघत राहिली. सांगाड्याच्या एका अंगाला फट होती, दात पडल्यासारखी. आणि छातीच्या उंचीवर काहीतरी निळं.

तिने चष्मा पुसला. निळं होतंच. तिने स्वतःला समजावलं, शिकारी येतात, हद्दीची खूण म्हणून काहीही बांधून जातात. निळी दोरी काय, जगात एकाच दुकानात मिळते का? आणि पवनचक्की इथून अठरा मैलांवर. बादली उचलून ती उतरायला लागली. मावशी मागे वळून म्हणाली, "येते हं. सांभाळून उभ्या राहा," आणि त्यात त्या आठवीलाही धरलं असणार, हे वर्लीनला आवडलं नाही.

३

दुसरा मुक्काम दोघी बहिणींचा. एकाच बुंध्यातून आल्यासारखे दोन निवडुंग आणि त्यांच्या भोवती पंधरा-वीस. दहा वाजले होते आणि पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे गेला होता. वर्लीनचे पाय जड झाले होते. उन्हाने होतं असं.

तो सांगाडा थोरलीच्या मागे उभा होता. या वेळी चाळीस पावलांवर.

ती आकडी टाकून सरळ त्याच्याकडे चालत गेली. असल्या गोष्टींचा सोक्षमोक्ष लावलेला बरा. जवळ जाऊन पाहावं, वेगळाच आहे म्हणावं, आणि कामाला लागावं. बुंध्याशी माती घट्ट होती. तिच्यावर वाळलेलं गवत होतं, मुंग्यांचं वारूळ होतं, म्हणजे हा इथे वर्षानुवर्षं असणार. तिला हायसं वाटलं. मग तिने वर पाहिलं. दोरीला दुहेरी गाठ होती आणि तिच्यातून एक टोक आखूड, एक लांब लोंबत होतं. लांब टोक जळून काळं झालं होतं. फेब्रुवारीत तिनेच ते लायटरने जाळून तोडलं होतं.

फटीतून आतला अंधार दिसत होता. भर उन्हात एवढा अंधार कसा, हे काही तिला कळेना. आत वारा नसताना बारीक करकर चालली होती, खुर्चीवर कुणी बसल्या जागी सरकावं तशी.

"वर्लीन," मावशीने हाक मारली, "कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही."

ती परत आली. मावशी दगडावर बसून काठी मांडीवर आडवी घेऊन तिच्यावरून हात फिरवत होती.

"तुझ्या आईला मी नेहमी म्हणायचे," मावशी म्हणाली, "ही पोरगी दवाखान्यात बसते, पण हिला तळाची ओढ आहे. लेलंड येईल तो मी हाक मारली म्हणून. तू आपणहून येशील. आज संध्याकाळी मला काही फार विचार करायला लागणार नाही बघ."

वर्लीनने टाकलेली आकडी उचलली. सांगून टाकावं असं ओठांवर आलं. मावशी, ती आडवी नव्हती. चार शब्द. पण सांगितलं की मावशी बादल्या जागच्या जागी ओतेल, गाडीत बसेल आणि तळ लेलंडला देऊन मोकळी होईल. पुढच्या वर्षी इथे अल्युमिनियमचा दांडा येईल. आईच्या जागी अल्युमिनियमचा दांडा.

संध्याकाळनंतर सांगू, तिने ठरवलं. छातीवर खूण झाल्यावर. मग मावशी रागावेल, पण तळ तरी राहील.

४

तिसरा मुक्काम गुरांच्या टाक्याचा. गाडी मेस्कीटच्या सावलीत लावायची, एक कोरडी ओघळ ओलांडायची आणि पलीकडचा उतार चढायचा. तिथे बोंडं इतकी होती की होले नुसते गर्दी करून बसले होते, त्यांच्या चोची लालभडक. वर्लीनने मान खाली घालून काम केलं. उताराकडे नजर टाकायचीच नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. दोन्ही बादल्या भरल्या, टॉर्टिया आणि बीन्स खाऊन झाले, पाण्याची बाटली संपली. काही दिसलं नाही, कारण ती बघतच नव्हती.

उतरताना ते वाटेवरच होतं.

येताना वाट मोकळी होती, हे ती देवाशपथ सांगू शकली असती. ओघळीच्या अलीकडे, वाट जिथे दोन खडकांमधून जाते, तिथे वाटेला खेटून सांगाडा उभा होता. दुसरीकडून जायला जागा नव्हती. वर्लीनने मावशीला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं, श्वास रोखला आणि चालू लागली. बरोबर त्याच्यापाशी मावशी थांबली.

"ही सकाळपासून आपल्याबरोबर आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"ही. मला तोंडं दिसत नाहीत गं, पण उभं राहायची ढब कळते. काहीतरी मागतेय. तोंड नाही बिचारीला, नाहीतर बोलली असती." मावशीने वर्लीनकडे चेहरा वळवला. "तुला काही सांगायचंय का मला?"

इतकं सरळ विचारलं होतं, इतक्या मायेने. वर्लीनला रडू आलं.

"नाही मावशी. ऊन लागलंय मला जरा."

मावशीने वर्लीनचं कोपर नीट धरलं. "बरं," ती म्हणाली. मग सांगाड्याकडे वळून नेहमीचं बोलली, "येते हं बाई. सांभाळून उभी राहा."

ओघळ ओलांडून वर्लीनने मावशीला गाडीशेजारी सावलीत बसवलं. बादल्या ठेवल्या. किल्ली गाडीलाच लावलेली होती.

"मावशी, पाण्याची बाटली तिकडेच राहिली. आलेच मी."

"आकडी कशाला नेतेयस?"

"असू दे हातात, साप असतात," असं म्हणून ती निघाली. दिवसातलं आणखी एक खोटं. आता ते आपोआप यायला लागलं होतं.

५

परत देऊन टाकायच्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ज्याचं त्याला दिलं की झालं. मावशीला कळायचं कारण नाही. लेलंडला सांगू, आकडी मोडली.

सांगाडा होता तिथेच होता. इथून ओघळीमुळे गाडी दिसत नव्हती. वर्लीनने आकडीचा बांध सोडला, दोन्ही फासळ्या सुट्या केल्या आणि फटीला टेकवून उभ्या केल्या.

"घे," ती म्हणाली. "चुकले मी. तू उभी होतीस तरी काढल्या. मावशीला सांगितलं आडवी होतीस. तिच्यासमोर माझी जीभच उचलली नाही. ती तळ माझ्या नावाने करणार होती ना, म्हणून."

मावशीपुढे दिवसभर न निघालेले शब्द इथे एका दमात निघाले. आतली करकर थांबली होती. कुणी कान देऊन ऐकतं तेव्हा अशी शांतता असते. वर्लीनला हलकं वाटलं. तिने डोळे पुसले आणि सहज फटीकडे पाहिलं.

दोन फासळ्या फटीत चपखल बसल्या होत्या, जणू निघाल्याच नव्हत्या. त्यांच्या शेजारी अजून एका फासळीची जागा रिकामी होती.

तीन काढल्या होत्या.

तिसरी मावशीच्या हातात होती. तिनेच घासून, तेल लावून दिली होती.

तेवढ्यात ओघळीपलीकडून मावशीचं बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते, पण ती कुणाशीतरी बोलत होती, हसत होती. वर्लीनने झटकन तिकडे मान वळवली. काही दिसलं नाही. मान परत इकडे आणली तेव्हा समोर दोन खडक होते, मधून जाणारी वाट होती, आणि वाटेला खेटून घट्ट माती, तिच्यावर वाळलेलं गवत. सांगाडा नव्हता.

ती धावली. ओघळीतल्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतायचे, उपसून काढायला लागायचे. "मावशी" म्हणून हाक मारायला गेली तर घशातून नुसती खरखर आली. सकाळपासून पाणी कमी प्यायलं होतं. आता काठावर चढलं की झालं, असं म्हणत ती हातापायांवर वर चढली.

६

गाडी सुरू होती. मावशी पलीकडच्या दारापाशी उभी होती, आत चढण्याच्या बेतात. तिच्या हातात काठी नव्हती.

"बरं केलंस बाई, सांगून टाकलंस," मावशी गाडीच्या आत बघून बोलत होती. आवाज भरून आला होता. "मला काय कळलं नव्हतं? सकाळी आकडीला हात लावला तेव्हाच कळलं. उभ्याची फासळी हाताला वेगळी लागते. काठी दिलीस त्या दिवशीसुद्धा शंका आली होती. पण म्हटलं, तिच्या तोंडून येऊ दे. दिवसभर वाट बघितली तुझी. मघाशी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस, तेव्हा फार वाईट वाटलं गं मला."

आतून कुणीतरी काहीतरी बोललं. अगदी हळू. वर्लीनला तो आवाज ओळखू आला, कारण दवाखान्याच्या खिडकीत ती स्वतः रोज त्याच आवाजात बोलायची.

"नाही गं, रागावले नाही," मावशी म्हणाली. "तू मागितलीस, मी काठी दिली. जिची तिला गेली असेल. आणि खूण मी उगाच नाही केली तुझ्या छातीवर. खोटं कोण बोलत नाही? परत येऊन सांगतं कोण, ते बघायचं असतं. आता तळ तुझा. फक्त हात किती खरबरीत झालेत गं तुझे. घरी गेल्यावर तेल लाव."

वर्लीन काठावर उभी राहिली. वीस पावलांचं अंतर होतं. तिने पाऊल उचललं, म्हणजे उचलायचं ठरवलं. पाय जागचे हलले नाहीत. वाळूतून तर ती वर आली होती, तरीही. तिने तोंड उघडलं. मावशी, मी इथे आहे. ती मी नाही. तिच्या घशात फक्त करकर झाली.

मग तिने दोन्ही हात वर केले. एवढं तरी दिसेल मावशीला. हात वर केलेलं माणूस दिसेल.

मावशीला दिसलं. तिने कपाळावर आडवा तळवा धरला आणि उन्हात डोळे बारीक केले.

"वर्लीन, ती कोण गं तिथे काठावर? मघाशी नव्हती."

गाडीच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलं होतं. वर्लीनचाच शर्ट, वर्लीनचंच कोपर. मनगटाला निळी दोरी होती, दुहेरी गाठीची, एक टोक आखूड, एक लांब. ते कोपर आत गेलं. कुणी मान वळवून पाहिलं नाही.

"असेल बाई कुणीतरी," मावशी स्वतःशीच म्हणाली आणि आतून पुढे आलेला हात धरून गाडीत चढली. दार लागलं. गाडी वळली आणि काठाच्या अगदी जवळून गेली, इतकी जवळून की चाकांची धूळ वर्लीनच्या चेहऱ्यावर आली. खिडकीतून मावशीचा म्हातारा, मायाळू चेहरा बाहेर आला आणि तिच्याकडे बघून हसला.

"येते हं बाई. सांभाळून उभी राहा."

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. तळ इथून तीन मैलांवर होता, तिथे लेलंडने चूल पेटवली असणार. वर्लीनने हात खाली घ्यायचा प्रयत्न केला. टाक्याकडून एक होला उडत आला, तिच्या उजव्या हाताच्या टोकाशी बसला, आणि लाल चोच पुसू लागला.